शाळेच्या कपाटातलं मल्टिटूल

बाकाचा वर आलेला खिळा, खिडकीची सैल कडी ही शाळेतली रोजचीच कामं. त्यासाठी मी 'अकरा अवजारं एकात' असं स्वस्तातलं मल्टिटूल घेतलं होतं. महिन्याभरात पक्कड डुगडुगायला लागली आणि एकदा पुठ्ठा कापताना पातंच मिटलं. बोट थोडक्यात वाचलं!

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, अवजारं मोजत बसू नका, आधी पक्कड बघा. टिम लेदरमन यांना १९७५ च्या युरोप प्रवासात जुनी गाडी सारखी दुरुस्त करावी लागली. खिशातल्या चाकूला पक्कड हवी होती, त्यातूनच १९८३ साली त्यांचं मल्टिटूल बाजारात आलं.

दुकानातच पक्कड उघडून हलवून पाहा. जबडे बाजूला डुलले, टोकं नीट जुळली नाहीत, तर सरळ परत ठेवा. सांध्याला रिव्हेटऐवजी स्क्रू असेल तर पुढे आवळता येतो. उघडल्यावर पातं लॉक होतं ना, हे तर बघाच. 'स्टेनलेस' लिहिलेलं असलं तरी पावसाळ्यात पुसून तेलाचा थेंब सोडावाच लागतो. आणि हो, मूठ धातूची असते, विजेच्या कामाला ते अजिबात वापरू नका.

माझं आता कुलपात असतं, किल्ली माझ्याच पर्समध्ये.