एक नाव, दोन पुस्तके

हजेरीपटावर एकाच नावाचे दोन कामगार असले, तर कारकून वडिलांचे नाव बघतो. पुस्तकाचेही तसेच करावे. वाचनालयात नुसते ‘पानिपत’ मागितले, तर कोणते हाती येईल याचा नेम नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी अब्दालीशी झालेल्या लढाईवर इतिहासकार त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली मराठीत ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ लिहिला. विश्वास पाटलांचे ‘पानिपत’ १९८८ सालचे. ती कादंबरी आहे. इतिहासकाराला प्रत्येक विधानाला पुरावा द्यावा लागतो. कादंबरीकार सदाशिवरावभाऊंच्या तोंडी संवाद घालू शकतो. तो त्याचा हक्कच आहे. मात्र आपल्या मुलाने तो संवाद परीक्षेत भाऊंचे खरे उद्गार म्हणून लिहू नये.

दोन्ही वाचावीत. त्या फौजेबरोबर बायका, यात्रेकरू, नोकरचाकर आणि ओझी वाहणारी कष्टकरी माणसे मोठ्या संख्येने होती. ‘बाजारबुणगे’ या एका शब्दात त्यांची बोळवण झाली. त्यांचे दुःख कादंबरी जिवंत करू शकते. पण ती माणसे खरोखर तिथे होती, हे सिद्ध करायला इतिहासच लागतो.

तेव्हा आजपासून घरात एक सवय लावा. पुस्तक उघडताच मुलांना विचारा : लेखक कोण? साल कोणते? कादंबरी की इतिहास?