डोळ्याची लाली आणि पोटाचें दुखणें

डोळा लाल झाला कीं गुलाबपाणी घालावें, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. गेल्या श्रावणांत आमच्या भाच्याचा डोळा लाल झाला, तेव्हां आम्हीं तेंच सुचविलें. त्यास मोठ्या आंतड्याच्या व्रणदाहाचें जुनें दुखणें. परंतु त्याचा डोळ्याशीं कांहीं संबंध असेल हें आमच्या ध्यानींमनींहि नव्हतें. चौथ्या दिवशीं त्यास उजेड सोसवेना, अक्षर पुसट दिसूं लागलें. नेत्रवैद्यांनीं पहिलाच प्रश्न पोटाविषयीं केला! वस्तुतः हा संबंध न्यूयॉर्कचे डॉक्टर बरिल क्रोन यांनीं १९२५ सालींच नोंदविला होता. शरीराची जी रोगप्रतिकारशक्ति आंतड्यावर उलटते, तीच कधीं नेत्रांवरहि उलटते. वरवरची लाली बहुधा पोटाबरोबर शमते. पण वेदना, उजेड न सोसणें व अंधुक दिसणें हीं आंतील दाहाचीं लक्षणें असूं शकतात. पोट शांत असतांहि तो दाह उद्भवतो, आणि उपेक्षा केल्यास दृष्टि जाऊं शकते. भाच्याची दृष्टि वांचली ती वेळेवर मिळालेल्या औषधानें. आमच्या शहाणपणानें नव्हे. वाचकहो, आंतड्याच्या रुग्णाचा डोळा दुखूं लागला, तर गुलाबपाण्याची कुपी बाजूस ठेवा आणि त्याच दिवशीं नेत्रवैद्यांस गांठा.