विश्लेषण : स्वस्त घरासाठी बदलापूर गाठणे कितपत परवडते?

मुंबईत वन आरकेही मिळणार नाही, अशा बजेटमध्ये बदलापुरात वन बीएचके, कधी टू बीएचकेही बसतो. भाडेकरूला मालक होता येते, हा फायदा मोठाच. पण हप्त्याच्या हिशेबात प्रवास क्वचितच धरला जातो.

लोकलचे गणित काय?

सीएसएमटी ते बदलापूर अंतर ६८ किलोमीटर. स्थानक गाठणे आणि फलाटावरची वाट धरून एका बाजूने किमान दीड तास. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५ तास, म्हणजे आठ तासांच्या नऊ पाळ्या! मूळ अडचण अशी की, कल्याणपुढे दोनच मार्गिका आहेत. लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या सगळ्या त्यावरूनच. बदलापूरपर्यंत तिसरी-चौथी मार्गिका मंजूर आहे. बिल्डरच्या जाहिरातीत मात्र ती धावूही लागलेली असते.

पुराचा धोका कुठे?

उल्हास नदीकाठी. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. इमारत पूररेषेत येते का, हे नगरपालिकेत विचारावे. महारेरा नोंदणीही तपासावी.

कोणाला सोयीचे?

नोकरी ठाणे-कल्याण पट्ट्यात किंवा आठवड्यातील काही दिवस घरून काम असेल, तर सौदा चांगला. दोघांची नोकरी दक्षिण मुंबईत आणि मूल लहान असेल, तर पाळणाघराचा खर्च हप्त्यात मिळवूनच तुलना करावी. आणि टोकन देण्यापूर्वी एखाद्या सोमवारी सकाळी आठच्या लोकलने दादर गाठून पाहावे.