पगारवाढ घ्या, पण नोकरी विकून नव्हे

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या कारखान्यात करार झाला की पाळी सुटताना गेटवर गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात युनियनचे पदाधिकारी आणि व्यवस्थापन यांचा एकत्र फोटो येतो, आणि मथळ्यात असतो फक्त आकडा: इतक्या हजारांची वाढ. पवननगरच्या टपरीपासून श्रमिकनगरच्या घरांपर्यंत दोन दिवस त्याच आकड्याची चर्चा चालते. हा करार किती जणांना लागू झाला आणि तीन वर्षांनी पुढचा करार मागायला किती कायम कामगार उरतील, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो.

माझे म्हणणे सरळ आहे. नोकरीची हमी आणि सवलती सोडून मिळवलेली पगारवाढ बहुधा शेवटची मोठी पगारवाढ ठरते. युनियनची ताकद कायम कामगारांच्या संख्येत असते. ती संख्या घटू देऊन आकडा वाढवणे म्हणजे बियाणे विकून सण साजरा करणे.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप तरुण कामगार घेतात. "हातात येतील तेच आपले. ग्रॅच्युइटी, पीएफ, मेडिक्लेम कुणी पाहिलंय? घराचा हप्ता या महिन्याला भरायचाय." हप्त्याची ही निकड खोटी नाही. पण रोख रकमेतही फरक असतो, हे मी आमच्या घरात पाहिले आहे. माझे वडील येथल्याच एका कारखान्यात होते. पगाराच्या स्लिपा ते पत्र्याच्या पेटीत तारखेवार लावून ठेवत. एका करारात भरघोस वाढ मिळाली, पण जवळजवळ सगळी 'विशेष भत्ता' या एका ओळीत गेली. बेसिक होते तिथेच राहिले. निवृत्तीच्या दिवशी ग्रॅच्युइटीचा कागद हातात घेऊन आईने विचारले, "एवढेच?" वडिलांनी पेटीतली ती जुनी स्लिप काढली आणि त्या ओळीवर बोट ठेवले.

हिशेब असा आहे. ग्रॅच्युइटी म्हणजे सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. वाढीतले ६,००० रुपये बेसिकमध्ये गेले, तर २५ वर्षे सेवा झालेल्या कामगाराची ग्रॅच्युइटी सुमारे ८६,५०० रुपयांनी वाढते. पूर्ण बेसिकवर पीएफ भरला जात असेल, तर मालकाच्या १२ टक्क्यांचे दरमहा ७२० रुपये वेगळेच. तेच ६,००० भत्त्यात टाकले की जुन्या कायद्याखाली ग्रॅच्युइटीत एक रुपयाही वाढत नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरायला लावला आहे. वडिलांच्या पिढीची तक्रार खरी होती, याची ही कबुलीच आहे.

पण याच संहितांनी दुसऱ्या हाताने मोठी गोष्ट काढून घेतली. ले-ऑफ, कपात किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला होते. आता ते ३०० पासून पुढे आहे. २०० कामगारांच्या कारखान्यातल्या माणसाचे हे कुंपण गेले. कायद्याने काढलेले कुंपण आता करारातच घालावे लागेल.

दुसरा आक्षेप उद्योजकांकडून येतो: "हमी दिली की माणूस कामचुकार होतो, आणि उद्योग नाशिक सोडून जातात." कामचुकारासाठी स्थायी आदेश आहेत, खातेनिहाय चौकशी आहे, हमी म्हणजे शिस्तीतून सूट नव्हे. उलट अनुभव असा की मशीनचा आवाज बदलला तर कायम कामगार सुपरवायझरला बेधडक सांगतो. २४० दिवस भरून कायम होण्याचा दावा करता येण्याआधी ब्रेक मिळणार हे माहीत असलेला टेम्पररी मुलगा गप्प राहतो, कारण बोलण्यात त्याचा फायदा नसतो, धोका मात्र असतो. आणि हे शहर उभे राहिले तेही त्या हमीवरच. सिडकोतली कितीतरी घरे नोकरी कायम झाल्याच्या पत्रावर मिळालेल्या कर्जातून झाली.

तिसरा आक्षेप एसटीच्या संपाकडे बोट दाखवतो. २४ नोव्हेंबर २०२१ ला सरकारने सेवेनुसार मूळ वेतनात ५,०००, ४,००० आणि २,५०० रुपयांची वाढ जाहीर केली. तरीही राज्यभरातले हजारो कर्मचारी एसटी महामंडळाच्या राज्य सरकारातील विलीनीकरणाच्या मागणीवर अडून राहिले. विलीनीकरण मिळाले नाही आणि एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते कामावर परतले. "वाढ घेऊन गप्प बसले असते तर?" असे आजही विचारले जाते. संप फार ताणला गेला आणि त्यात प्रवाशांचे, कर्मचाऱ्यांच्या घरांचे अतोनात हाल झाले, हे मी मान्य करतो. पण पाच हजारांची वाढ समोर असताना माणसे विलीनीकरण मागत होती, ती आकडा कळत नव्हता म्हणून नव्हे. वाढलेला पगार दर महिन्याला वेळेवर येईल याची खात्री त्यांना हवी होती. मार्ग चुकला असेल, गरज चुकीची नव्हती.

सर्वांत धारदार आक्षेप कंत्राटी कामगाराचा आहे: "कायमवाल्यांची हमी आमच्या असुरक्षिततेवर उभी आहे." याचे खंडन मी करणार नाही, कारण ते खरे आहे. एकाच लाइनवर, एकाच पाळीत, तेच काम करणारे दोघे आणि पगारात दुपटीहून अधिक अंतर, हे अनेक युनियननी डोळ्यांआड केले. पण यातून कायम कामगाराची हमी काढून घ्यावी असे निघत नाही. ती दुसऱ्यापर्यंत पोहोचवावी, असे निघते.

म्हणून मागणीपत्रात आकड्याच्या आधी चार कलमे यावीत. वाढीचा किमान अर्धा भाग बेसिक आणि महागाई भत्त्यात. निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ठरावीक जागा दरवर्षी टेम्पररी आणि कंत्राटी कामगारांतूनच ज्येष्ठतेनुसार कायम. करारामुळे ज्यांचा पगार ईएसआयच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेपलीकडे जाईल, त्यांना आई-वडिलांसह मेडिक्लेम. नाहीतर वाढ मिळाली आणि सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयाचे दार बंद झाले, अशी गत होते. आणि विभाग बंद किंवा स्थलांतरित होणार असेल, तर आगाऊ नोटीस, पर्यायी काम आणि कायद्याहून जास्त भरपाई.

यासाठी आकडा कमी करावा लागला तर? करावा. महिन्याला ३,००० रुपये कमी घेतले, तर तीन वर्षांत १,०८,००० रुपयांचे नुकसान होते. ४५,००० पगाराची नोकरी गेली, तर तेवढेच नुकसान अडीच महिन्यांच्या आत होते.

पुढच्या गेट मीटिंगला आकडा वाचून दाखवला जाईल तेव्हा कुणीतरी हात वर करावा आणि विचारावे: यातले बेसिकमध्ये किती, किती जागा भरणार, आणि शेजारच्या मशीनवरचा मुलगा कधी कायम होणार? उत्तर कागदावर मिळू द्या. मग गुलाल उधळू.