आधी ऐकून घ्या

सुवार्ताफेरीला निघताना आपली सगळी तयारी बोलण्याची असते. पत्रिकांचे गठ्ठे बांधले जातात, स्पीकर चार्ज होतो, गाणी ठरतात. ज्या घरात जायचे तिथे काय चालले आहे, याची चौकशी मात्र कोणी करत नाही. ‘अंधारातले लोक’ एवढी ओळख आपल्याला पुरते.

अंधार नाही, असे आम्ही म्हणत नाही. तसे वाटले असते तर हे मासिक चालवलेच नसते. पण यशयाच्या नवव्या अध्यायातले ते अंधारातले लोक जबुलून आणि नफताली यांच्या मुलुखातले, म्हणजे इस्राएलच्याच वंशातले होते. अंधार आपल्या घरातही आहे: आपल्या मंडळ्यांत सोयरीक जुळवताना पूर्वजांची जात आजही हळूच विचारली जाते. दिवा आधी कोणाच्या घरात न्यायचा, हे पाळकांनी ठरवावे.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो, आणि तिचा शेवटच सांगतो. सुरुवात अशी: १८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना बसायला जागा दिली. मग संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. कवीशी बोलायचे तर कवितेवर बोलावे, हे त्या गृहस्थाला कळत होते. उतरण्यापूर्वी त्याने नवा करार हातात ठेवला आणि वाचायचा आग्रह केला. तो कोण होता, हे टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही. पुढचे काम डोंगरावरच्या प्रवचनाने केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. तो पूल पाडायला निघालेले उत्साही सेवक आम्हाला आजही भेटतात. अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांनी उलट एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई इंग्रजीत नेले.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. त्याआधी नवऱ्याजवळ परतल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नव्हते. स्वयंपाक वेगळा होता. टिळक थांबले. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र सेवकांच्या प्रत्येक प्रशिक्षणवर्गात लावायला हवे, निदान या थांबण्यासाठी. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तशिष्यांचा मेळा मांडला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी.

कायद्याचेही भान हवे. संविधानाचे २५वे कलम धर्मप्रसाराचा हक्क देते. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले. आजाऱ्याला औषध देताना किंवा मुलाची फी भरताना शेजारी बाप्तिस्म्याची वही उघडणे अनेक राज्यांच्या कायद्यांना चालत नाही, आणि ख्रिस्तालाही चालेल असे आम्हाला वाटत नाही.

तेव्हा या महिन्यात पत्रिका न घेता एका घरी जा. चहा घ्या, त्यांचे ऐका. त्यांनी विचारले तर आपली साक्ष सांगा, नाही विचारले तर पुन्हा जा. काय ऐकलेत ते आम्हाला अवश्य लिहून कळवा, नावे न देता. बाप्तिस्म्यांचे आकडे पाठवू नका; ते छापले जाणार नाहीत.