वाईनचा तुरटपणा म्हणजे औषध नव्हे

"डॉक्टर, रेड वाईन हृदयाला चांगली असते ना?" हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क आहे. सातारकर महाबळेश्वर-पाचगणीला गेले की हॉटेलात एखादी बाटली मागवून बघतात. पहिल्या घोटाला बहुतेकांचे तोंड वाकडे होते. मग टेबलावरचे कोणीतरी जाणकार समजावतात, "थांबा जरा, वाईन अजून उघडलेली नाही. आणि हा तुरटपणाच तब्येतीला चांगला असतो."

यातले पहिले वाक्य बरोबर आहे. दुसरे चुकीचे आहे आणि त्यावरच मला बोलायचे आहे.

तोंड का आवळते?

जांभूळ, कच्चे केळे, सुपारी आणि आपल्या सह्याद्रीतला हिरडा यांत एक समान घटक असतो, तो म्हणजे टॅनिन. टॅनिन प्रथिनांना घट्ट चिकटते. हिरड्याने चामडे कमावतात ते याच गुणामुळे. आपल्या लाळेत प्रथिने असतात आणि त्यांच्यामुळे तोंड ओलसर, गुळगुळीत राहते. टॅनिनने ती पकडली की जीभ आणि गाल कोरडे, खरखरीत वाटू लागतात. आयुर्वेद याला कषाय रस म्हणतो. आजच्या शास्त्राच्या भाषेत ही चवीपेक्षा स्पर्शाची जाणीव जास्त आहे.

रेड वाईन करताना द्राक्षाचा रस सालींसह आणि बियांसह आंबवतात. त्यामुळे तिच्यात टॅनिन जास्त उतरते. कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ या जातींच्या वाईन म्हणूनच जास्त तुरट लागतात. आपला कोरा चहा तुरट लागतो आणि दूध घातल्यावर मऊ होतो, कारण टॅनिन दुधातल्या प्रथिनांना चिकटते. चीज किंवा मटणाबरोबर वाईन सौम्य लागते त्यामागेही हेच कारण आहे.

"उघडणे" म्हणजे काय?

वाईन रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून अर्धा-एक तास ठेवली की तिला हवा लागते. बाटलीत कोंडलेले गंधकासारखे वास उडून जातात, फळांचा सुगंध वर येतो आणि घोट कमी बोचरा वाटतो. टॅनिनमध्ये खरा बदल व्हायला मात्र वर्षे लागतात. बाटलीत त्याचे कण एकमेकांना जोडले जातात आणि काही गाळ होऊन तळाशी बसतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. या तासाभरात चव बदलते, अल्कोहोल जवळजवळ तेवढेच राहते. वाईन "उघडली" म्हणजे ती सौम्य दारू झाली असे नाही. उलट घोट सहज उतरू लागतो, आणि मी सावध करतो तो नेमका इथेच.

साधा हिशेब करा

१३ टक्के अल्कोहोलच्या वाईनच्या १५० मिलीच्या एका ग्लासात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. म्हणजे एक ग्लास वाईन म्हणजे दीड पेग. ७५० मिलीची बाटली दोघांत संपवली तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ चार पेग येतात. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा "वाईन म्हणजे दारू नव्हे" असे ठासून सांगितले गेले. कायदा काय म्हणायचे ते म्हणो, तुमचे यकृत असा फरक करत नाही.

मग हृदयाचे काय?

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमाने सांगितले की फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी होतो, आणि श्रेय रेड वाईनला दिले. तेव्हापासून ही समजूत पसरली. पुढे त्या प्रकारच्या अभ्यासांतली गफलत लक्षात आली. "न पिणाऱ्यांच्या" गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही होते, आणि बेताने पिणारे बरेचदा जास्त सुस्थितीतले होते. ज्या रेस्वेराट्रॉलचे एवढे कौतुक होते, ते वाईनच्या एका लिटरमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असते. प्रयोगांत शेकडो मिलिग्रॅम वापरतात.

दुसरी बाजू मात्र पक्की आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. आपल्या भागात तंबाखू-मावा खाणारे कितीतरी आहेत. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो. आणि तुरट म्हणजे गुणकारी असे असते, तर सुपारी औषध ठरली असती. तीही कर्करोगकारकांच्या यादीत आहे.

माझे मत

"पण वाईन खपली तर द्राक्षबागायतदाराला चार पैसे मिळतील," असे कोणी म्हणेल. गारपीट आणि पडलेल्या भावाने बागायतदार किती पोळतो हे मिरज-तासगावकडे राहणाऱ्याला सांगायला नको. त्याला भाव मिळालाच पाहिजे. पण तो आर्थिक प्रश्न आहे, त्याला आरोग्याचा मुलामा देऊ नका.

तुम्ही पीत नसाल तर हृदयासाठी म्हणून सुरू करू नका. द्राक्षे, जांभळे खा, रोज चाला, रक्तदाब तपासा. मधुमेह असेल तर फळांचे आणि बेदाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारा.

पीत असाल तर चवीसाठी पिता हे स्वतःशी मान्य करा. जेवणाबरोबर, मोजून, सावकाश घ्या आणि नंतर गाडी चालवू नका. गरोदरपणात, यकृताच्या आजारात किंवा झोपेच्या गोळ्या चालू असताना अजिबात नको. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

वाईन उघडायला वेळ द्या, हरकत नाही. फक्त तिला औषधाच्या कपाटात ठेवू नका.