ओट्यावरची सावली

वर्गात मुलांना बसवताना उजेड त्यांच्या डाव्या बाजूने यावा, असा शाळेतला जुना नियम आहे. बहुतेक मुले उजव्या हाताने लिहितात. उजेड उजवीकडून आला, तर लिहिणाऱ्या हाताचीच सावली वहीवर पडते. वहीसाठी आपण एवढा विचार करतो. मग सुरी, उकळते तेल आणि पेटती शेगडी जिथे हाताळायची, त्या ओट्यासाठी का करत नाही?

भगिनींनो, अनेक घरांत स्वयंपाकघराची ट्यूब छताच्या मधोमध किंवा मागच्या भिंतीवर असते आणि ओटा समोरच्या भिंतीला. आपण कामाला उभ्या राहिलो की उजेड पाठीवर पडतो आणि कांदा आपल्याच सावलीत चिरला जातो. आज मगरिबनंतर ओट्यावर एक पांढरा कागद ठेवून नेहमीच्या जागी उभ्या राहून पाहा. कागदावर डोक्याची आणि खांद्यांची सावली पडत असेल, तर दोष दिव्याच्या जागेचा आहे. त्याच जागी मोठा दिवा लावला तरी सावली हटणार नाही.

उजेड हातांच्या वरून, थोडा समोरून यायला हवा. ओट्यावर कपाट किंवा फळी असेल, तर तिच्या खालच्या बाजूला, आपल्याकडच्या कडेजवळ, फूटभर लांबीची ५ वॅटची एलईडी ट्यूब बसवून घ्या. कडेला दोन बोटे रुंदीची लाकडी पट्टी ठोकली की उजेड डोळ्यांत जात नाही. फळी नसेल, तर ट्यूब समोरच्या भिंतीवर, डोक्यापेक्षा उंच लावावी. शेगडीच्या आणि नळाच्या अगदी वर मात्र नको. हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे आणि बटन ओल्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी असावे.

दिवा एवढा लहान कसा पुरेल, अशी शंका येईल. छोट्या दिव्याचे अंतर निम्मे केले की त्याचा उजेड सुमारे चौपट होतो. म्हणून छतावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा हाताजवळचा लहान दिवा अधिक उपयोगी. खर्चाचा हिशेबही मांडू या. ५ वॅटचा दिवा रोज ४ तास जळला, तर महिन्याला ६०० वॅट-तास, म्हणजे एक युनिटही होत नाही. यात इस्राफ कसला?

दिवा घेताना खोक्यावरचा आकडा वाचा. ६५०० के म्हणजे निळसर पांढरा उजेड, ३००० के म्हणजे पिवळसर. मधला ४००० के ओट्यासाठी चांगला. त्यात गोश्ताचा आणि मसाल्याचा रंग बराचसा खरा दिसतो.

दिवसाचा उजेड तर फुकटच आहे. पडद्यासाठी आपण खिडकीला जाड कापड लावतो आणि भर दुपारी बल्ब पेटवतो. त्याऐवजी खालच्या अर्ध्या काचेला दुधी कागद चिकटवा. बाहेरच्याची नजर अडेल, उजेड आत येईल. खिडकीतले डबे हलवा. कौलारू घरात एखादे काचेचे कौल आणि पत्र्याच्या घरात एक पारदर्शक पत्रा पुष्कळ काम करतो. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा असेल, तर कापायला फिकट रंगाचा पाट घ्या. महिन्यातून एकदा दिवा बंद करून, थंड झाल्यावर, त्यावरचा तेलकट थर कोरड्या फडक्याने पुसा.

वय वाढते तसा डोळ्यांच्या आत उजेड कमी पोचतो. तांदळातला खडा सुनेला दिसतो आणि सासूला दिसत नाही, तो हलगर्जीपणा नव्हे. घरातल्या वडीलधाऱ्या बायका हे बोलून दाखवत नाहीत, अंदाजाने काम उरकतात आणि बोटे भाजून घेतात. आधी ओट्यावर उजेड वाढवा. तरीही धूसर दिसत असेल, दिव्याभोवती वलय दिसत असेल, तर डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल, तर त्यावर चांगला इलाज आहे.

रमजानमध्ये सहेरीला अंधारात उठावे लागते. बंद स्वयंपाकघरात शिरताना गॅसचा वास आला, तर कोणतेही बटन दाबू नका, चालू असलेले बंदही करू नका. दारे-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, सर्वांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच १९०६ या क्रमांकावर फोन करा.

शेवटी घरातल्या पुरुष मंडळींना एक विनंती. दिवाणखान्यासाठी झुंबर निवडताना सगळे दुकानात जातात. स्वयंपाकघराला मात्र इतर खोल्यांतून काढलेला बल्ब मिळतो. ज्या खोलीत दिवसातून दोन-तीन वेळा सर्वांचे जेवण तयार होते, तिथला दिवा कुठे लावायचा, हे तिथे राबणाऱ्या बाईला विचारा. तिने दाखवलेल्या जागीच खिळा ठोका.